वाचकांचे प्रश्न : साधनेच्या मेणबत्तीसाठी मेण कोणते निवडावे?

प्रश्न : मी रोज पहाटे अर्धा तास मेणबत्तीच्या ज्योतीवर त्राटक करतो. मेणबत्ती साधी, पांढरी, पॅराफिनची असते. गेल्या काही महिन्यांत मागच्या भिंतीवर काळा पट्टा उमटला आहे आणि डोळेही चुरचुरतात. पॅराफिन मुळातच अशुद्ध असून साधनेला केवळ मधमाशीचे मेण चालते, असे आमच्या गटातील एका ज्येष्ठ साधकाचे म्हणणे आहे. ते खरे मानावे का?

उत्तर : आपल्या पत्रात काजळी आणि शुद्धता हे दोन निराळे प्रश्न एकत्र आले आहेत. ते वेगळे केल्याशिवाय नीट उत्तर देता येणार नाही.

आधी काजळीचे पाहू. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वितळलेले मेण वातीतून वर चढते, तिथे त्याची वाफ होते आणि प्रत्यक्षात जळते ती ही वाफ. ज्योतीचा पिवळा भाग आपल्याला उजळ दिसतो तो त्यातील कार्बनचे अतिसूक्ष्म कण तापून चमकत असल्यामुळे. हे कण ज्योतीच्या कडेला पोहोचेपर्यंत पूर्ण जळले तर धूर दिसत नाही आणि अर्धवट राहिले तर तेच काजळी होऊन भिंतीवर बसतात. म्हणजे पिवळ्या ज्योतीत काजळी तयार होतेच, मग मेण पॅराफिनचे असो वा मधमाशीचे. ती बाहेर पडते की नाही, हे मुख्यतः वात आणि हवा यांवर ठरते. वात लांब राहिली की जळू शकेल त्याहून अधिक मेण वर ओढले जाते, ज्योत उंच होऊन फडफडू लागते आणि तिच्या टोकातून धुराची रेघ निघते. पंख्याचा किंवा खिडकीचा झोतही हेच करतो.

उद्या पहाटे डोळे स्थिर करण्यापूर्वी दोन मिनिटे वातीकडे पाहावे. चांगल्या मेणबत्तीत सपाट विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेबाहेर येते, ठिणगीसारखे लाल दिसते आणि तिथेच जळून जाते. अशी विणलेली वात 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली. त्यापूर्वी जळालेली वात कात्रीने पुन्हा पुन्हा छाटत बसावे लागे. आपल्या वातीच्या टोकावर लवंगेच्या बोंडासारखा काळा गोळा धरत असेल, तर वात फार लांब राहिली आहे किंवा त्या मेणबत्तीच्या मानाने ती जाड आहे, असे समजावे. रोज पेटवण्यापूर्वी वात सुमारे 6 मिलिमीटर ठेवून कापावी, मेणबत्ती झोताबाहेर ठेवावी आणि आठवडाभर निरीक्षण करावे. बहुतेक वेळा मेण न बदलताच काजळी कमी होते. डोळ्यांबाबत एवढेच सांगतो की, हठयोगप्रदीपिकेत त्राटक अश्रू येईपर्यंत करावे असे असले, तरी त्याचा अर्थ चुरचुर सोसत राहावे असा घेऊ नये. काजळी कमी करूनही त्रास राहिला किंवा काचबिंदूसारखा विकार असेल, तर नेत्रतज्ज्ञाला विचारूनच पुढे जावे. त्याच ग्रंथात दृष्टी ‘सूक्ष्म लक्ष्या’वर स्थिर करावी असे म्हटले आहे, त्या श्लोकात मेणाचा उल्लेख नाही.

आता शुद्धतेविषयी. पॅराफिन हे एकोणिसाव्या शतकातले मेण आहे. ते आधी लाकूड व दगडी कोळशापासून आणि पुढे खनिज तेलापासून मिळू लागले. त्याआधी युरोपातील सामान्य घरांत जनावरांच्या चरबीची मेणबत्ती जळे, तिला धूर आणि उग्र वास असे. मधमाशीचे मेण महाग असल्याने ते चर्चच्या वेदीवर आणि श्रीमंतांच्या दालनात दिसे. मधमाशीच्या मेणाची प्रतिष्ठा पुष्कळ अंशी या चरबीशी तुलना होऊन वाढलेली आहे, हे आपण विसरतो. काही परंपरांत मात्र त्याला खरोखर विधीचे स्थान आहे. ईस्टरच्या पूर्वरात्री पेटवल्या जाणाऱ्या मोठ्या मेणबत्तीत बहुतांश मेण मधमाशीचेच असावे, असा निर्णय कॅथलिक चर्चने 1904 मध्ये दिला होता आणि त्या रात्री गायल्या जाणाऱ्या प्राचीन स्तुतिगीतात मधमाश्यांच्या श्रमाचाही उल्लेख येतो. आपल्या संप्रदायात असा स्पष्ट नियम असेल तर तो पाळावा. तो नसेल, तर पॅराफिन वापरल्याने साधना उणी ठरते असे मला वाटत नाही. मधमाशीच्या मेणाने खोलीतील हवा शुद्ध होते हे विधानही सर्रास ऐकू येते. त्याला आधार नाही. जळणारी कोणतीही वस्तू हवेत भरच घालते.

तरीही त्राटकासाठी मला स्वतःला मधमाशीच्या मेणाची उंच, सडपातळ मेणबत्ती आवडते आणि तिची कारणे पूर्णपणे व्यावहारिक आहेत. हे मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे मेणबत्ती कडक राहते, सावकाश जळते आणि झोत नसल्यास फारशी ओघळत नाही. सुमारे दोन सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती तासाला अंदाजे दोन-अडीच सेंटिमीटर खाली येते. आपल्या अर्ध्या तासात ज्योत जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी उतरेल, म्हणजे नजरेची पातळी फारशी बदलणार नाही. स्टिअरिनची, म्हणजे तेल किंवा चरबीपासून काढलेल्या कडक, मेणासारख्या पदार्थाची मेणबत्तीही याच कामाला उत्तम असते. सोयाचे मेण मात्र मऊ असल्याने बहुधा काचेच्या पेल्यात ओतलेले असते. ज्योत दिवसेंदिवस काठाखाली जाते आणि काचेत तिची दोन-तीन प्रतिबिंबे दिसू लागतात. नामस्मरणाच्या वेळी शेजारी तेवत ठेवायला ती चांगली आहे, एकाच बिंदूवर नजर ठेवायला नाही.

प्रश्न : कोणत्याही जिवाला इजा होऊन मिळालेली वस्तू उपासनेत वापरायची नाही, असा माझा नियम आहे. मधमाशीचे मेण त्यात बसते का? नसल्यास सोयाचे मेण निर्धास्तपणे घ्यावे का?

उत्तर : कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून मेणाचे लहान पापुद्रे स्रवतात आणि त्यांपासून ती पोळे बांधते. पेट्यांमध्ये मधमाश्या पाळणारे लोक मध काढताना घरांवरची मेणाची झाकणे कापून घेतात आणि जुनी पोळी वितळवतात. हे काम काळजीपूर्वक केले तर माश्या मारण्याची गरज पडत नाही. परंतु एवढे मेण तयार करण्यासाठी माश्यांना त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो आणि हातात आलेली मेणबत्ती जपून काढलेल्या मेणाची आहे की धूर करून ओरबाडलेल्या पोळ्याची, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. आपला नियम कडक असेल तर ते सोडावे.

वनस्पतिजन्य मेणांत सोया, नारळ, मोहरीच्या जातीच्या रेपसीडचे आणि पाम हे प्रमुख प्रकार आहेत. सोयाचे मेण म्हणजे सोयाबीन तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेला पदार्थ; त्यात प्राण्यांचा अंश नसतो. मात्र वेष्टनावर ‘सोया’ असे ठळक लिहिलेल्या पुष्कळ मेणबत्त्या मिश्रणाच्या असतात, म्हणून ‘शंभर टक्के’ हा शब्द शोधावा आणि तो नसल्यास विक्रेत्याला विचारावे. पाम मेणावर पिसासारखी सुरेख नक्षी उठते, पण इंडोनेशिया आणि मलेशियात पामच्या लागवडीसाठी मोठ्या प्रमाणावर जंगले तोडली गेली आहेत, हे आपल्या नियमाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगे नाही. स्टिअरिनबाबत विशेष सावध राहावे, कारण ते पाम तेलापासूनही होते आणि जनावरांच्या चरबीपासूनही. गंमत अशी की, ज्याला अशुद्ध म्हणून नावे ठेवली जातात ते निव्वळ पॅराफिन आपल्या नियमात बसू शकेल. पण ते कडक करण्यासाठी त्यात अनेकदा स्टिअरिन घालतात, तेव्हा चौकशी तिथेही करावीच.

प्रश्न : मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या कपाटात ठेवल्या होत्या. दोन महिन्यांनी त्यांवर पांढरी भुकटी धरली. ही बुरशी आहे की भेसळ?

उत्तर : दोन्ही नाही. हे मेण थंड जागी काही काळ राहिले की त्यातील काही घटक पृष्ठभागावर येतात आणि जांभळावर किंवा द्राक्षावर असतो तसा पांढुरका थर दिसतो. मऊ कापडाने हलकेच पुसला किंवा मेणबत्ती थोडा वेळ उबेत ठेवली की तो जातो. उलट हा थर शुद्धतेचे एक बऱ्यापैकी लक्षण मानला जातो. मेणाचा तुकडा तळहातात मळून पाहावा. शुद्ध मेण ऊब लागताच लवचीक होते आणि मधाचा मंद वास येतो, तर पॅराफिन बरेच मिसळले असल्यास हाताला तेलकट, निसरडे लागते. थोडी भेसळ मात्र अशा घरगुती परीक्षेत सापडत नाही.

प्रश्न : संकल्पानुसार रंगीत आणि सुगंधी मेणबत्ती घ्यावी का?

उत्तर : रंगाचा अर्थ प्रत्येक परंपरेत निराळा आहे, आपल्याला जो भावतो तो घ्यावा. सुगंध मात्र बंद खोलीत, दीर्घ श्वसनाच्या वेळी टाळावा, कारण सुगंधी द्रव्यांमुळे काजळी वाढू शकते आणि डोकेही दुखू शकते.

प्रश्न : वडिलांच्या स्मृतिदिनी चोवीस तास अखंड ज्योत ठेवण्याची इच्छा आहे. मागच्या वेळी पेल्यातील मेणबत्ती शेवटी तडकली. कोणते मेण घ्यावे?

उत्तर : ज्यू परंपरेत स्मृतिदिनी चोवीस तास जळणारी मेणबत्ती लावतात आणि त्यासाठी पेल्यात घट्ट भरलेली मेणबत्ती खास बनवली जाते, तशी मिळाल्यास मेण पॅराफिनचे असले तरी चालेल. तडकण्याचे कारण मेणात नसून तळाशी आहे. मेण संपत आले की वातीचा बुंधा काचेच्या अगदी जवळ जळतो, म्हणून साधारण एक सेंटिमीटर मेण उरले असतानाच ती विझवावी. घरात कोणी जागे नसताना ज्योत पेटती ठेवू नये, या नियमाला स्मृतिदिनही अपवाद नाही. माझी सूचना अशी की, चार-पाच लहान मेणबत्त्या घ्याव्यात, एकीची ज्योत मंदावण्यापूर्वी तिच्यावरून दुसरी पेटवावी आणि घरातील माणसांनी पाळीपाळीने जवळ बसावे; अखंडता राहते आणि कोणतीही काच तळापर्यंत तापत नाही. ताटलीत कोरडी वाळू पसरून तीवर त्या ठेवाव्यात आणि मेणाने पेट घेतलाच तर पाणी न ओतता धातूच्या झाकणाने झाकून टाकावे.