'नापास'मधला 'ना' आणि 'इम्पॉसिबल'मधला 'इम'

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, इंग्रजीच्या पेपरात विरुद्धार्थी शब्द लिहायचे होते. पोरीने 'पॉसिबल'चं 'अनपॉसिबल' केलं, 'लीगल'चं 'अनलीगल' केलं आणि 'एबल'चं 'इनेबल'. तिन्हींवर लाल फुली. शेवटच्यावर तिचं म्हणणं असं, की 'इनॅबिलिटी' चालतं तर 'इनेबल' का नाही? बाईंनी सांगितलं, "पाठ कर." आईचा प्रश्न, की यात काही नियम आहे की खरंच पाठच करायचं? आणि जाता जाता, 'प्रीपोन' (ठरलेल्या वेळेच्या आधी घेणं) हा शब्द चुकीचा आहे का?

शेवटच्या प्रश्नाकडे शेवटीच येतो. आधी पोरीची बाजू घेतो, कारण तिची तक्रार रास्त आहे.

इंग्रजी बाजूला ठेवून जरा आपल्याच घरात बघा. 'योग्य'चं उलट 'अयोग्य', पण 'लायक'चं 'अलायक' नाही, 'नालायक'. 'हजर'चं 'गैरहजर', 'जबाबदार'चं 'बेजबाबदार', 'उचित'चं 'अनुचित'. हे तुम्ही कधी पाठ केलं होतं का? कुणीच करत नाही. तरी 'बेयोग्य' म्हटलं तर पाचवीतलं पोरही हसेल. संस्कृतातून आलेला शब्द आपला 'अ' घेऊन येतो, फारसी-अरबीतून आलेला 'ना', 'बे', 'गैर' घेऊन येतो. शब्द सासरी आला तरी माहेरची माणसं सोडत नाही. एकाच अर्थाची जोडी घेतली की हे अगदी उघडं पडतं: 'अवैध' आणि 'बेकायदा'. बांधकाम एकच, पाडायला येणारी पालिकाही एकच, उपसर्ग मात्र आपापल्या कुळाचे.

इंग्रजीत नेमकी हीच जोडी आहे. 'इल्लीगल' आणि 'अनलॉफुल'. 'लीगल' लॅटिन कुळातला, म्हणून त्याला लॅटिन 'इन' लागतो. 'लॉ' जर्मॅनिक कुळातला, म्हणून त्याला इंग्रजीचा घरचा 'अन' लागतो. अशा जोड्या हव्या तेवढ्या सापडतात. 'इन्क्रेडिबल' आणि 'अनबिलिव्हेबल', 'इल्लेजिबल' आणि 'अनरीडेबल', 'इनेडिबल' आणि 'अनईटेबल'. पोरीला या चार जोड्या कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. पाठ करायला सांगण्यापेक्षा ते बरं.

मग 'इन'चा 'इल' कसा झाला? हे मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षा लवकर कळायला हवं, कारण आपण संधी शिकलेलो असतो. उत् + लंघन = उल्लंघन. तत् + लीन = तल्लीन. पुढच्या 'ल'ने मागच्या व्यंजनाला आपल्यासारखं करून घेतलं. इन + लीगल = इल्लीगल, अगदी तसंच. 'र'पुढे 'इर' होतो: इर्रेग्युलर. 'म', 'प', 'ब' हे ओठांचे वर्ण, त्यांच्यापुढे 'इम': इम्मॉरल, इम्पॉसिबल, इम्बॅलन्स. आपण 'संताप' म्हणताना 'सन्' म्हणतो आणि 'संपूर्ण' म्हणताना 'सम्' म्हणतो, ते याच कारणाने. घरचा 'अन' मात्र कुणापुढे वाकत नाही: अनलिमिटेड, अनमॅरिड, अनरिअल.

एवढं समजलं की स्पेलिंगचाही निम्मा ताप जातो. 'इल्लीगल'मध्ये दोन एल, कारण एक मूळ 'इन'च्या एनचा आणि एक 'लीगल'चा. 'इम्मॉरल'मध्ये त्याच हिशोबाने दोन एम. 'अननेसेसरी'त सुरुवातीला दोन एन, 'मिसस्पेल'मध्ये दोन एस, पण 'डिसअपिअर'मध्ये एकच एस. मोजून घ्यायचं: उपसर्गाचं एक, शब्दाचं एक. 'अपिअर'ची सुरुवात एसने होतच नाही, मग दुसरा एस येणार कुठून?

आता 'अनेबल' पण 'इनॅबिलिटी'. इथे कुळाचा नियम जरा लंगडतो, हे कबूल केलं पाहिजे. 'एबल' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, म्हणजे त्याला खरं तर 'इन' लागायला हवा. पण 'अन' हा घरचा असल्याने सगळ्यांकडे ऊठबस करतो. लॅटिन शब्दांनाही तो खुशाल लागतो: अनेबल, अनइक्वल, अनजस्ट, अनस्टेबल. आपल्या 'बिन'सारखा: बिनपगारी, बिनडोक, बिनकामाचा, काहीही. नामं मात्र लॅटिन प्रत्ययासकट, लॅटिनच्या साच्यातली राहिली: इनॅबिलिटी, इनिक्वॉलिटी, इनजस्टिस, इनस्टॅबिलिटी. विशेषणाला घरचा उपसर्ग आणि नामाला बाहेरचा, असा हा संसार.

आणि हे सगळं एका दिवसात ठरलं नाही. ज्या 'अनपॉसिबल'वर तुमच्या मुलीचे मार्क गेले, तो शब्द शेक्सपिअरच्या 'दुसरा रिचर्ड' नाटकात आहे. 1595 च्या आसपासचं नाटक. तेव्हा दोन्ही रूपं चालत होती, पुढे 'इम्पॉसिबल' टिकलं. 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मनुष्याच्या हक्कांसाठी 'अनएलिएनेबल' छापलंय, आणि वॉशिंग्टनमधल्या जेफरसन स्मारकाच्या भिंतीवर त्याच मजकुरात 'इनएलिएनेबल' कोरलंय. म्हणून मार्क परत मिळणार नाहीत, पण पोरीला सांगा की ती चुकली ती चारशे वर्षांनी.

थोडं विषयांतर करतो, मला राहवत नाही. इंग्रजी 'अन', लॅटिन 'इन', ग्रीक 'अ/अन' आणि संस्कृत 'अ/अन्' हे चौघे एकाच मूळ उपसर्गाची लेकरं आहेत. ग्रीकचा नियमही संस्कृतसारखाच: व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. आपल्याकडे 'अयोग्य' पण 'अनादि', त्यांच्याकडे 'एथीइस्ट' पण 'ॲनार्की'. डॉक्टर 'ॲनिमिया' लिहून देतात, त्यातला 'ॲन' आणि 'अनंत'मधला 'अन्' सख्खे भाऊ आहेत. 'ॲनॉनिमस' आणि 'अनामिक' तर उपसर्गच नव्हे, आतल्या नावासकट नात्यातले. त्याहून मजा 'डिसेंट्री'ची. तिथला 'डिस' हा 'डिसकनेक्ट'मधला लॅटिन 'डिस' नाही, तो ग्रीक आहे, अर्थ 'वाईट', आणि तो आपल्या 'दुर्'चा भाऊ. पुढचा भाग म्हणजे ग्रीक 'एंटेरा', आतडी, संस्कृत 'अंत्र'चा नातेवाईक. डिसेंट्री म्हणजे अक्षरशः दुर्-अंत्र. ज्याला झालीय त्याला व्युत्पत्ती सांगू नये, एवढं मात्र अनुभवाने सांगतो.

पण 'इन' दिसला की नकार असं समजू नका. बोरघाटात एकदा आमची गाडी पेट्रोलच्या टँकरमागे अडकली होती. मागे मोठ्या लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल'. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे अजिबात पेट घेत नाही ना? मग भीती कसली?" त्याच्या तर्कात काही खोट नव्हती. 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारं, तर 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं. पण लॅटिनमध्ये दोन 'इन' आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत, मध्ये' अशा अर्थाचा. 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणं. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेटवता येईल असं. डॉक्टर सूज आणि आग होते तिला 'इन्फ्लमेशन' म्हणतात तो हाच शब्द, आणि मराठीनेही त्याला 'दाह' म्हणून तीच आग कायम ठेवली आहे. भाच्यासारखाच घोटाळा कुणी आगपेटी हातात धरून करेल, या धास्तीने अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला, आणि ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने 1959 मध्ये तेच धोरण घेतलं. उलट अर्थासाठी 'नॉन-फ्लेमेबल'. म्हणजे 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' यांचा अर्थ एकच.

'इनव्हॅल्युएबल'मध्ये नकार आहे, पण तो किमतीला नाही, किंमत करण्याला आहे. ज्याची किंमतच करता येत नाही ते. आपलं 'अमूल्य' हुबेहूब तसंच. 'इन्फेमस'चं मात्र 'अप्रसिद्ध' करू नका. तो कुप्रसिद्ध.

'अन'चेही दोन आहेत, तेही एका रूपात मिसळलेले. 'अनहॅपी'मधला 'नाही' म्हणणारा. 'अनलॉक'मधला केलेलं उलटवणारा. जून 2020 मध्ये टाळेबंदी उठायला लागली तेव्हा केंद्राने 'अनलॉक 1' म्हटलं आणि आपल्या वर्तमानपत्रांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. त्याचा अर्थ 'कुलूप नाही' असा नव्हता, 'लावलेलं कुलूप काढतोय' असा होता. 2009 मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला 'अनफ्रेंड' याच जातीचा: आधी मैत्री असावी लागते. दोन्ही 'अन' एकाच शब्दात बसवून बघायचे असतील तर 'अनलॉकेबल' घ्या. कुलूप लावताच येत नाही असं दार, किंवा लावलेलं कुलूप उघडता येतं असं दार. दोन्ही बरोबर. घर भाड्याने घेताना मालकाला नक्की काय म्हणायचंय ते विचारून घ्या.

'नॉन' या सगळ्यांत थंड डोक्याचा. तो दोष देत नाही, नुसती वर्गवारी करतो. 'नॉन-ह्युमन' म्हणजे माणूस नसलेलं, मांजर किंवा यंत्र. 'इनह्युमन' म्हणजे अमानुष, आणि त्यासाठी माणूसच असावं लागतं. मराठीत हा 'नॉन' 'नॉनव्हेज'मधून आला आणि आता तो नकार राहिलेलाच नाही. "आज नॉनव्हेज आहे" म्हटल्यावर ताटात काय नाही याचा विचार कोण करतं?

प्रत्ययांबद्दल विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. 'नेस' हा इंग्रजीचा 'पणा'. कशालाही लावा, शब्द जागचा हलत नाही: काइंड, काइंडनेस, आळशी, आळशीपणा. 'इटी' लागला की शब्दाच्या पोटात कालवाकालव होते: 'सेन'चं 'सॅनिटी', 'इलेक्ट्रिक'मधल्या 'क'चा 'इलेक्ट्रिसिटी'त 'स'. आपल्याकडे 'य' प्रत्यय हेच करतो: मधुर, माधुर्य, धीर, धैर्य, सुंदर, सौंदर्य. आणि मग लोक त्यावर आणखी एक 'ता' चढवून 'सौंदर्यता' लिहितात. चपलेवर चप्पल. 'एबल' आणि 'इबल' यांचा गोंधळ वाटला तर प्रत्यय काढून बघा. मागे आख्खा इंग्रजी शब्द उरला तर बहुधा 'एबल', जसं 'रीडेबल'. तुकडा उरला तर बहुधा 'इबल', जसं 'लेजिबल'. 'फ्लेक्सिबल', 'सेन्सिबल' हे नियम मोडतात. नव्या शब्दांना मात्र 'एबल'च लागतो. कुणी 'गूगलेबल' म्हणालं तर कळतं.

आता 'प्रीपोन'. त्याला नावं ठेवणाऱ्यांचा आक्षेप असा, की हा आपण भारतीयांनी 'पोस्टपोन'वरून जुळवलेला शब्द. जुळवला असेल, मग? 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'पोनेरे' म्हणजे लॅटिनमध्ये ठेवणं. 'प्री' म्हणजे आधी. लॅटिनमध्येही 'प्राएपोनेरे' होताच, 'प्रीपोझिशन' त्याच्यातूनच निघालं. ऑक्सफर्डच्या कोशाने 'प्रीपोन' घेतला आहे. जोडकाम शुद्ध आहे. आणि जोडकाम अशुद्ध असतं तरी काय बिघडलं असतं? 'नापास' घ्या: फारसी 'ना', इंग्रजी 'पास', राहणार महाराष्ट्र. 'मास्तरकी', 'डॉक्टरकी', 'गैरसोय' याच वाणाचे, आणि यांच्याविना आपलं पान हलत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला पत्र लिहिताना 'प्रीपोन' टाळा, कारण त्याला तो कदाचित कळणार नाही. पुण्या-मुंबईत बिनधास्त वापरा. मराठीत त्याची सोय होते तीही याचमुळे, की 'सभा पुढे घेतली' यातून काही कळत नाही. रविवारच्या सभेचा असा निरोप आमच्या सोसायटीत एकदा गेला, तर निम्मे लोक शनिवारी हॉलवर आले आणि निम्मे सोमवारी.