आईला काय सांगायचं?

प्रश्न : ताई, माझी आई ६१ वर्षांची, निवृत्त अंगणवाडी सेविका. परभणीला असते. बायोप्सीत स्तनाचा कॅन्सर निघाला. तिला आम्ही 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय. मामा म्हणतात टाटालाच न्या, काका म्हणतात संभाजीनगरला करा, आत्याने एका वैद्यांचा पत्ता दिलाय. मी पुण्यात नोकरीला, धाकटी बहीण आईजवळ. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आईपासून करा. गावातल्या बाळांची वजनं आणि लशींच्या तारखा वर्षानुवर्षं वहीत मांडणारी बाई रुग्णालयाच्या दारावरची पाटी वाचणारच. केमो सुरू करताना संमतीपत्रावर सहीही तिचीच लागते. मी मुंबईत रुग्णालयात समाजसेविका होते. कितीतरी बायका मला बाजूला घेऊन सांगायच्या, "मला कळलंय हो, पण मुलाला सांगू नका, तो खचेल." आई आणि मुलगा दोघंही एकमेकांपासून लपवत एकाच बाकावर बसलेले. ते बघवत नसे. तुम्ही दोघं भावंडं घरीच, पाहुणे नसताना बसा. कॅन्सर हा शब्द एकदा स्पष्ट उच्चारा आणि थांबा. त्या विचारतील तेवढंच सांगा. 'काही होत नाही' म्हणू नका. 'पुढची तपासणी काय ते आपण मिळून विचारू' म्हणा.

मग बायोप्सी झाली त्या लॅबमधून स्लाईड (तुकड्याचा पातळ काप लावलेली काच) आणि ब्लॉक मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही. काढलेला तुकडा मेणात बसवलेला असतो, तो ब्लॉक. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासतात, आणि ईआर, पीआर (गाठीच्या पेशी हार्मोनला प्रतिसाद देतात का ते पाहणाऱ्या) आणि हर-टू (पेशींवरच्या एका प्रथिनाची) या चाचण्याही त्यावरच होतात. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की आणखी काही, हे बरंचसं त्यावरून ठरतं. कुणी आधीचे कागद द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. भरती रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असं डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेतच आहे.

मामा आणि काका दोघांचंही खरं आहे. परळचं टाटा १९४१पासून हेच काम करतंय; तिथे एकदा मत घ्या, उपचारांचा आराखडा लेखी मागा. पण केमो महिनोन् महिने चालते, दर वेळी परभणीहून मुंबई गाठणं आईला झेपणार नाही. तोच आराखडा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात राबवता येईल का, हे टाटातच विचारा. मला स्वतःला घराजवळचे उपचार जास्त पटतात, कारण अर्ध्यात सोडलेली केमो मी फार पाहिली आहे, आणि सोडण्याचं कारण बहुतेक वेळा प्रवासच असे.

वैद्यांबद्दल स्पष्ट सांगते : केमोऐवजी नाही. सोबत काही घ्यायचं असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. आत्यांना दुखवायचं नसेल तर 'डॉक्टर नको म्हणाले' असं सांगा, त्या ऐकतील.

पैशांचं आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा आणि उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्या. आधी खिशातून भरायचे आणि मग परत मागायचे, तशी ती योजना नाही. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात रुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत असते. त्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून मिळतं. मुंबईत राहायचं झालं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

आणि बहीण. तुम्ही फोनवर असाल, ती बाकावर असेल. डॉक्टरांशी कोण बोलणार, हे दोघांत आजच ठरवा. माझ्या मते तिनेच बोलावं, कारण आईची रात्र कशी गेली हे तिलाच माहीत. फाईल, मंजुरी, तिकिटं तुमच्याकडे. नातेवाइकांचे फोनही तुम्हीच घ्या, आणि दर पंधरवड्याला दोन दिवस सुट्टी काढून तिला झोपू द्या. हर-टूचा रिपोर्ट आल्यावर त्यातलं काही समजलं नाही तर मला पुन्हा लिहा.