प्लांटेशनशेजारी काम करायला निघालास, त्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. ऊस, पाम अशा मोठ्या प्लांटेशनशेजारच्या गावांत हवेचं आणि लोकांच्या श्वासाच्या त्रासाचं काम करायला निघालायस. हवा मोजायचा सेन्सर कुठला घेऊ, मास्क किती न्यायचे, बरोबर डॉक्टर पाहिजेच का, बरेच प्रश्न आहेत त्यात, आणि जमेल तेवढ्यांची उत्तरं देतेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय जी मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. प्लांटेशनशेजारच्या हवेचा निकाल सरासरीवरून लावू नकोस. तिथला त्रास काही तासांत होऊन जातो, रिपोर्टमध्ये मात्र दिवसाची नाहीतर वर्षाची सरासरी येते, आणि मग सगळे म्हणतात हवा तर ठीकच आहे, लोक उगाच ओरडतात.

उसाचं घे. बऱ्याच देशांत तोडणीआधी उभा फड पेटवतात, पाचट जळून जातं, ऊस राहतो आणि तोडायला सोपा पडतो. एक फड पेटला की साधारण १५-२० मिनिटांत आग संपते, पण धूर वाऱ्याबरोबर शेजारच्या वस्तीत जाऊन थांबतो. आता गणित कर. समज त्या एका तासात पीएम २.५, म्हणजे धुरातले अगदी बारीक कण, गेलं घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅमवर आणि उरलेले २३ तास होतं ८ वर. २४ तासांची सरासरी येते २० च्या आसपास. अमेरिकेची २४ तासांची मर्यादा ३५ आहे, भारताची ६०, म्हणजे दोन्हीकडे हा दिवस आरामात पास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक मर्यादा दिली ती १५ आहे, तिथे फक्त हा दिवस नापास होतो. पण ज्या पोराला दमा आहे त्याला त्या एका तासात पंप घ्यावा लागला, रात्रभर खोकला झाला, दुसऱ्या दिवशी शाळा बुडली, आणि हे कुठल्याच कागदावर येत नाही.

फ्लोरिडात हेच झालं. ओकीचोबी तळ्याच्या दक्षिणेला बेल ग्लेड, पाहोकी अशी उसाच्या पट्ट्यातली गावं आहेत, बहुतेक वस्ती गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांची. ऑक्टोबरपासून पार वसंतापर्यंत तिथे फड पेटतात आणि राख पडते, तिला लोक ‘काळा बर्फ’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे नियम आहे की वारा पूर्वेच्या, किनाऱ्यावरच्या श्रीमंत शहरांकडे वाहत असेल तर जाळायची परवानगी मिळत नाही. वारा या गावांकडे असेल तर मात्र अशी बंदी नाही. म्हणजे धूर त्रास देतो हे सरकारला माहीत होतंच ना, नाहीतर असा नियम केला कशाला असता! २०२१ मध्ये पत्रकारांनी तिथल्या लोकांच्या घरी स्वस्त सेन्सर बसवले तेव्हा जाळण्याच्या दिवशी थोड्या वेळासाठी प्रदूषण कसं उसळतं ते पहिल्यांदा नीट दिसलं, २४ तासांच्या सरासरीत ते झाकलं जात होतं. तुझ्या कामाचं हे सगळ्यात जवळचं उदाहरण आहे म्हणून एवढं लिहिलं.

राखेबद्दल एक सांगते कारण तिथे गेल्यावर पहिल्यांदा लोक तुला तीच दाखवतील. वाळत घातलेल्या कपड्यावर काळी, लांबट, कागदाच्या कपट्यासारखी पडते, बोटात धरली की लगेच चुरते आणि डाग पडतो. फोटो काढावासा वाटेल, काढ. पण ही राख फुप्फुसात खोल जात नाही, नाकात आणि घशातच अडकते. खोल जातात ते २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो, ते दिसत नाहीत, ते वायुकोशांपर्यंत पोचतात आणि काही रक्तात उतरतात. म्हणूनच धुराच्या दिवसांत दम्याबरोबर हार्ट अटॅकच्या केसेसही वाढतात. तर राख पडली म्हणजे धूर आला एवढाच तिचा अर्थ, आणि राख पडली नाही म्हणून हवा साफ असं अजिबात समजायचं नाही.

पाम तेल आणि कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या झाडांच्या प्लांटेशनजवळ, म्हणजे इंडोनेशियात सुमात्रा, कालिमांतान वगैरे भागात, प्रकार वेगळा आहे. तिथली बरीचशी जमीन पीट आहे, दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेला झाडपाला, मीटरच्या मीटर खोल. लागवडीसाठी कालवे खणून त्यातलं पाणी काढून टाकतात, पीट वाळतं, आणि एकदा पेटलं की भडकत नाही, आतल्या आत धुमसतं, पाऊस येईपर्यंत आठवडेच्या आठवडे. धुमसणारी आग जास्त वाईट, कारण जळण अर्धवट होतं आणि बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड हे सगळं जास्त बाहेर पडतं. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं, पालांगकाराया शहरात प्रदूषणाचा निर्देशांक २००० च्या वर गेला, तिथे ३०० च्या वर गेलं की धोकादायक म्हणतात, आणि श्वसनाच्या संसर्गाच्या ५ लाखांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालं की सरासरीसुद्धा लपवू शकत नाही. पण अशा ठिकाणी तुला काम आग लागायच्या आधीचं करायचंय. इंडोनेशियाच्या नियमाप्रमाणे पीटमधलं पाणी जमिनीखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. जमिनीत उभा पाइप बसवून त्यातलं पाणी किती खाली गेलंय हे काठीने मोजता येतं. आरोग्याचं काम करणारा माणूस पाणी मोजत बसलाय हे बघून लोकांना आश्चर्य वाटेल, पण मला विचारशील तर पुढचा धूर कधी येणार हे सांगणारं त्याहून चांगलं मोजमाप नाही.

आता सेन्सर. लेझरवाला स्वस्त चालेल, पण एक घेऊ नकोस, निदान दोन घे, एक प्लांटेशनच्या ज्या बाजूने वारा येतो तिथे आणि एक ज्या बाजूला जातो तिथे, म्हणजे फरक दिसेल. लावायच्या आधी दोन्ही एकाच जागी आठवडाभर शेजारी शेजारी चालव, सारखं दाखवतात का बघ. हवेत दमटपणा जास्त असला की हे सेन्सर आकडा फुगवून दाखवतात, पहाटेच्या धुक्यात तर हमखास, तेव्हा तापमान आणि आर्द्रता बरोबर नोंदव. लावायचा श्वासाच्या उंचीवर, घराबाहेर, चुलीपासून लांब. आणि डेटा मिनिटाचा ठेव, सरासरी नंतर कधीही काढता येते, सरासरीतून मिनिटं परत काढता येत नाहीत.

सॅटेलाइटवर आगीचे ठिपके नासाच्या फर्म्स या वेबसाइटवर फुकट दिसतात, ते रोज बघायची सवय लाव, पण तिथेही तोच प्रॉब्लेम आहे. व्हिअर्स हा आग टिपणारा सेन्सर असलेले सॅटेलाइट साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात, सकाळी दहाला पेटून सव्वादहाला विझलेला फड त्यांना दिसेलच असं नाही. ठिपका नाही म्हणजे आग नव्हती असं कोणी तुझ्या तोंडावर म्हटलं तर हे माहीत असलेलं बरं.

म्हणून शेवटी वहीवर येतो आपण. मी कुठल्याही मशीनपेक्षा वहीवर जास्त विश्वास ठेवते. वीसेक घरं निवड, काही जवळची, काही लांबची, आणि प्रत्येक घरात जो कोणी नीट लिहील त्याच्याकडे वही दे, बहुतेक वेळा घरातली शाळकरी मुलगी सगळ्यात चोख लिहिते. तारीख, वेळ, धूर दिसला का वास आला, वारा कुठून होता, कोणाला खोकला, घरघर, धाप, पंप घेतला का, कामाला किंवा शाळेला सुट्टी पडली का. वाऱ्यासाठी काठीला रिबन बांधली तरी पुरते. दमेकऱ्यांना पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी नळी, दे आणि स्वतः समोर बसून शिकव: उभं राहायचं, काटा शून्यावर, छाती भरून श्वास, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकर, तीनदा करायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. लोक तिन्हींची सरासरी काढतात, सांगितलं नाही तर. सकाळ संध्याकाळ, दोन-तीन आठवडे तरी, धुराचे दिवस आणि बिनधुराचे दिवस दोन्ही. जो माणूस साध्या दिवशी ४०० फुंकतो आणि धुराच्या संध्याकाळी ३००, त्याच्या वहीसमोर वाद घालणं फार अवघड जातं.

फवारणीचा विषय वेगळा ठेव, धुरात मिसळू नकोस. कण मोजणारा सेन्सर कीटकनाशकाची वाफ ओळखत नाही, फवारा घरावर येऊन गेला तरी आकडा जागचा हलणार नाही कदाचित. केरळात कासरगोडला काजूच्या प्लांटेशनवर २० वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं, २००० साली ते थांबलं आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर बंदी घातली, तोवर लोकांच्या हातात दाखवायला काय होतं तर आपली आजारी मुलं. ब्राझीलच्या सेआरा राज्याने विमानातून फवारणीवर २०१९ मध्ये कायद्याने बंदी आणली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, तेव्हा हे होऊ शकतं. तुझ्यासाठी तातडीचं एवढंच: फवारणीनंतर कोणाला धाप लागली आणि त्याबरोबर लाळ, खूप घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक असं दिसलं तर तो दमा नाही, ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. पंप देऊन घरी बसवायची केस नाही ती. हातमोजे घालून त्याचे कपडे काढ, साबणपाण्याने अंग धुव आणि लगेच हॉस्पिटल, आणि काय फवारलं त्या डब्याच्या लेबलचा फोटो बरोबर. डॉक्टर बरोबर पाहिजेच का, याचं उत्तर यातच आहे: रोज बरोबर नसला तरी चालेल, पण फोन केला की उचलणारा एक पाहिजे आणि जवळच्या हॉस्पिटलात या विषावरचं औषध, ॲट्रोपिन, असतं का हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव.

कारखान्याची चिमणी, बॉयलरचा धूर, ट्रकच्या रस्त्याची धूळ हे सगळं आहेच, त्याचं तुला कळेल. फक्त बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, जुने, बुरशी आलेले ढीग असतील तर तिथे काम करणाऱ्यांना ताप, खोकला, धाप येते का विचार, बगॅसोसिस नावाचा आजारच आहे तो, आणि न्यूमोनिया म्हणून औषधं देत राहतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. सगळ्या खोकल्यांचं खापर प्लांटेशनवर फोडू नकोस. घरात चूल असेल, कोणी विडी ओढत असेल, ते वहीत आलंच पाहिजे, नाहीतर पहिल्याच मीटिंगला समोरचा वकील तेच काढून तुझं सगळं काम मोडीत काढेल. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल त्याची थुंकी टीबीसाठी तपासून घे, धुराच्या नादात टीबी राहिला तर माणूस जाईल.

मास्क एन९५ नाहीतर त्या दर्जाचेच घे, कापडी मास्कने पीएम २.५ फारसं अडत नाही, आणि चेहऱ्याला घट्ट बसत नसेल तर एन९५ सुद्धा कामाचा नाही. लहान मुलांना ते बसत नाहीत, त्यांच्यासाठी घरातली एक खोली धुराच्या वेळी बंद ठेवायची, तिथे चूल-उदबत्ती काही नको, आणि चौकोनी पंख्याला चांगले फिल्टर चिकटवून चालवला तर बराच फरक पडतो. धूर गेला की खिडक्या लगेच उघडायच्या, हे लोक विसरतात. पण हे सगळं तात्पुरतं आहे हे त्यांनाही सांग. साओ पाउलो राज्याने २००२ च्या कायद्याने आणि मग २००७ च्या कराराने ऊस जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करत आणलं, मशीनने हिरवा ऊस तोडायला लागले, म्हणजे न जाळता होतं. त्यात हजारो तोडणी कामगारांचं काम गेलं हेही तितकंच खरं, आणि तुझ्या गावात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्याला तुझ्याकडे पटकन उत्तर नसेल तर देऊ नकोस, ऐकून घे.

कारण तिथे खोकणारा माणूस आणि त्याच प्लांटेशनवर मजुरी करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, कधी घर कंपनीचं, कधी दवाखानाही कंपनीचा. त्यामुळे वहीवर नाव नको, नंबर टाक, नंबर आणि नावाची यादी वेगळीकडे ठेव. परवानगी घेतल्याशिवाय कोणाचा फोटो नको, आणि काहीही बाहेर द्यायच्या आधी गावात बसून त्यांना दाखव, त्यांनी नको म्हटलं तर थांबायचं.

पहिला महिना झाला की वह्यांचे फोटो पाठव, नंबरांसकट, नावांशिवाय, काहीच झालं नाही असे दिवसही त्यात असू दे. सेन्सरची फाइल मिनिटाचीच पाठव. मग बसू आपण फोनवर आणि तिसरा सेन्सर कुठल्या बाजूला लावायचा ते ठरवू.

तुझी,
ताई