वाचकांचे प्रश्न : बंदरावरचे पक्षी आणि भरतीचे गणित

बंदर आणि त्याच्या आसपासच्या पाणथळ जागांवरील हिवाळी पक्षिनिरीक्षणाविषयी या वेळी बरीच पत्रे आली. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : पक्षी पाहायचे तर पहाटे जावे, असे सर्वत्र वाचले होते. त्यानुसार गेले तीन रविवार सूर्योदयापूर्वी बंदरालगतच्या खाजणावर पोहोचलो. दोनदा समोर नुसता चिखल दिसला आणि अर्धा किलोमीटर दूर काही हलणारे ठिपके. तिसऱ्यांदा मात्र पक्षी अगदी जवळ होते. यात नशिबाखेरीज काही कारण असते का?

उत्तर : कारण असते, आणि ते आपल्या घड्याळात नसून भरती-ओहोटीच्या कोष्टकात असते. पहाटेचा नियम रानातल्या पक्ष्यांसाठी योग्य आहे. किनाऱ्यावरील चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचा दिवस मात्र सूर्य ठरवत नाही. ओहोटीने चिखल उघडा पडला की त्यांचे खाणे सुरू होते आणि भरतीने तो झाकला की थांबते, मग ती दुपार असो वा मध्यरात्र. यांतील अनेक पक्षी रात्रीही चरतात, हे कळल्यावर पहाटेच्या गजराचा आग्रह थोडा सैल व्हायला हरकत नाही.

बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. एका रविवारी सकाळी सातला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी ओहोटीच्या आसपासचे पाणी असते. आपण तीन रविवारी एकाच वेळी तीन वेगळ्या ठिकाणी गेलात असे म्हटले तरी चालेल. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलाच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेने विखुरलेले असतात. पाणी चढू लागले की ती कडा किनाऱ्याकडे सरकते आणि पक्षीही तिच्याबरोबर आपल्या दिशेने येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन ते तीन तास आधी जागेवर जाऊन बसावे, आणि चढत्या पाण्याने पक्षी जवळ आणेपर्यंत हलू नये. आपण पक्ष्यांकडे चालत जाण्यापेक्षा पाण्याने त्यांना आपल्याकडे आणणे केव्हाही चांगले.

यात आणखी एक बारकावा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी फार वर चढते आणि फार खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा ही चढउतार कमी असते. उधाणाच्या भरतीत सगळा चिखल बुडतो आणि पक्ष्यांना विश्रांतीसाठी मिठागरांचे बांध, उंच पुळणी, लाटा अडवणारे दगडी बंधारे किंवा वापरात नसलेले धक्के शोधावे लागतात. अशा जागा थोड्या असल्याने तेथे शेकडो पक्षी एकाच ठिकाणी दाटीने उभे दिसतात आणि वेगवेगळ्या जातींची शेजारी शेजारी तुलना करता येते. भांगाच्या दिवसांत चिखलाचा वरचा पट्टा भरतीतही उघडा राहू शकतो, आणि मग विश्रांतीच्या जागी कोणी फिरकत नाही. नवख्याने म्हणून उधाणाचा दिवस निवडावा. मात्र पाणी आपल्या मागच्या बाजूच्या ओहोळातूनही चढत असते. उघड्या चिखलावर उतरून पक्ष्यांच्या मागे जाण्याचा मोह धोक्याचा आहे.

प्रकाशाचा विचार यानंतर करावा. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडली नाही, तर चकाकत्या पाण्यावर सगळेच पक्षी काळे दिसतात.

प्रश्न : चिखलात चरणारे सगळे पक्षी मला एकसारखे करडे दिसतात. मार्गदर्शक पुस्तकातील तांबूस, काळ्या छातीचे देखणे पक्षी प्रत्यक्षात कोठेच सापडत नाहीत. आमच्याकडे वेगळ्या जाती येतात का?

उत्तर : जाती त्याच आहेत, आपण पुस्तकातील विणीच्या पिसाऱ्याची चित्रे पाहत आहात. उत्तरेकडील प्रदेशात वीण आटोपल्यावर हे पक्षी रंगीत पिसे टाकतात आणि हिवाळ्यात वर करडे व खाली पांढरे होतात. त्यामुळे या ऋतूत रंगावर विसंबणे हीच पहिली चूक ठरते.

आधी बांधा आणि वागणूक पाहावी. चार पावले पळणे, थबकणे, झटकन टोचणे आणि पुन्हा पळणे अशी ज्याची चाल आहे, तो आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी चिखल्या असतो. तो भक्ष्य डोळ्यांनी शोधतो. शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच सतत चिखलात खुपसत पुढे जाणारा पक्षी तुतारी (सँडपायपर) किंवा टिलव्यांच्या कुळातील असण्याचा संभव अधिक, कारण तो भक्ष्य स्पर्शाने शोधतो. ही एकच गोष्ट नीट पाहिली तरी थव्याचे दोन भाग पडतात. त्यानंतर चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट आहे, ती सरळ आहे, खाली वळलेली आहे की किंचित वर उचललेली आहे, आणि पायांचा रंग कोणता, या क्रमाने जावे. पायांवर चिखल असल्यास रंग फसवतो, हे मी बऱ्याच चुकीच्या नोंदी करून शिकलो आहे.

खरी ओळख पुष्कळदा पक्षी उडाल्यावर पटते. लाल पायांचा टिलवा, ज्याला बहुतेक निरीक्षक रेडशँक म्हणतात, उडताना पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दाखवतो. हिरवट पायांच्या टिलव्याच्या, म्हणजे ग्रीनशँकच्या पंखांवर असा पट्टा नसतो, पण त्याच्या पाठीवर पांढरी पाचर लांबूनही दिसते आणि तो तीन खणखणीत शिट्या घालतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या (गॉडविटच्या) पंखांवर ठळक पांढरी पट्टी असते, तर पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे पंख त्या मानाने साधे आणि पाठ रेघांनी भरलेली असते. करडा चिखल्या बसलेला असताना अगदीच सामान्य वाटतो, परंतु पंख उचलताच त्याच्या काखेतील काळा डाग दिसतो, आणि हे लक्षण एकदा पाहिले की विसरत नाही.

आरंभी सर्व जाती ओळखण्याचा हट्ट धरू नये. एका हिवाळ्यात रेडशँक एवढा पक्का करावा, की पुढच्या प्रत्येक पक्ष्याकडे पाहताना ‘त्याच्यापेक्षा मोठा की लहान’ हे आपोआप सुचेल. अनोळखी पक्ष्यासमोर नोंदवहीत प्रश्नचिन्ह घालण्यात कमीपणा नाही. ज्यांच्या वहीत एकही प्रश्नचिन्ह नाही, त्यांच्या नोंदींकडे मी थोड्या संशयाने पाहतो.

प्रश्न : एकाच चिखलात इतके पक्षी चरतात, तरी ते अन्नासाठी फारसे भांडताना दिसत नाहीत. असे का?

उत्तर : एक कारण त्यांच्या चोचीत आहे. चिखलातील किडे, शिंपले, खेकडे वेगवेगळ्या खोलीवर राहतात आणि प्रत्येक चोच ठरावीक खोलीपर्यंतच पोहोचते. चिखल्या पृष्ठभागावरचे टिपतो, मध्यम चोचीचा टिलवा काही सेंटीमीटर खालचे काढतो, आणि कोरल (कर्ल्यू) हा पक्षी खोल बिळातील किडे व खेकडे ओढतो. कोरल मादीची खाली वळलेली चोच नरापेक्षाही लांब, १५ सेंटीमीटरपर्यंत असू शकते, म्हणजे एकाच जातीतही वाटणी झालेली असते. उचाट्या हा पक्षी वर वळलेली चोच पातळ चिखलात डावी-उजवीकडे फिरवतो, तर टर्नस्टोन हा पक्षी दगड आणि शेवाळ उलटून त्याखालचे खातो.

लांब चोचीच्या अनेक जातींना संपूर्ण चोच न उघडता, वरच्या जबड्याचे केवळ टोक उचलता येते. चिखलाच्या आत भक्ष्य पकडण्यासाठी ही सोय नसती तर लांब चोचीचा उपयोग अर्धाच राहिला असता. नॉट या पक्ष्याची रीत याहून नवलाची आहे. तो चोच ओल्या वाळूत वरखाली करतो, त्यामुळे कणांमधील पाण्यात दाब निर्माण होतो, आणि जवळपास शिंपला पुरलेला असेल तर त्या दाबात पडणारा फरक त्याच्या चोचीच्या टोकाला जाणवतो. चोच शिंपल्याला लागण्याआधीच त्याला शिंपला कळलेला असतो.

भांडणे अगदीच होत नाहीत असे मात्र नाही. कोरलाने बाहेर काढलेला खेकडा हिसकावण्यासाठी टपलेले कुरव (गल) आपल्याला पाहायला मिळतील.

प्रश्न : प्रत्यक्ष बंदराच्या आवारात पाहण्यासारखे काही असते का? तेथे कुरवांशिवाय काही दिसत नाही, आणि तेही दर वेळी वेगळ्या रंगाचे.

उत्तर : मासळी उतरवण्याच्या जागा, बंधाऱ्यांच्या आतील शांत पाणी आणि जुने खांब यांमुळे बंदरात कुरव, सुरय (टर्न), पाणकावळे, बगळे आणि खंड्या यांची चांगली सोय होते, वादळी हवेत खुल्या समुद्रावरील पक्षीही आडोशाला आत येतात. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा येण्यास सुमारे चार वर्षे लागतात आणि लहान जातींना दोन, म्हणून एकाच जातीचे तपकिरी, ठिपकेदार आणि स्वच्छ राखी असे सगळे रूपभेद एका धक्क्यावर दिसतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरे असते आणि डोळ्यामागे केवळ एक गडद ठिपका उरतो, यावरून नावांवर किती भरवसा ठेवावा ते ठरवावे. बंदराच्या आवारात प्रवेशाचे आणि छायाचित्रणाचे निर्बंध असतात. परवानगी नसल्यास सार्वजनिक रस्त्यावरून स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) लावून पाहणे हाच मार्ग योग्य.

प्रश्न : आमच्या गटातील एक जण भरतीच्या वेळी विश्रांती घेणाऱ्या थव्याजवळ जाऊन टाळ्या वाजवतो, कारण उडत्या थव्याचे छायाचित्र चांगले येते. पक्षी दोन मिनिटांत परत बसतात. यात खरोखर काही नुकसान आहे का?

उत्तर : आहे, आणि ते छायाचित्रात दिसत नाही. या पक्ष्यांना खाण्यासाठी ओहोटीचे मोजके तास मिळतात आणि त्या तासांत मिळवलेली शक्ती भरतीच्या काळात विश्रांती घेऊन राखून ठेवावी लागते. उड्डाण हे त्यांचे सर्वांत खर्चिक काम आहे. आपण एकदा टाळी वाजवली, त्यानंतर कोणाचे कुत्रे धावले, मग एखादा ड्रोन आला आणि बहिरी ससाण्याची फेरी तर ठरलेलीच, असे करत एका भरतीत थवा किती वेळा उठला याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. प्रत्येकाला वाटते की आपण एकदाच उठवले.

हिवाळ्याच्या अखेरीस हा खर्च अधिक महाग पडतो, कारण तेव्हा ते परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. या प्रवासांची लांबी लक्षात घ्यावी. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या, अवघ्या पाच महिन्यांच्या एका पाणटिवळ्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, कोठेही न उतरता पार केले. त्याच्या अंगावरील उपग्रह-यंत्रामुळे हे कळले. असा प्रवास साठवलेल्या चरबीवरच होतो, वाटेत शिदोरी मिळत नाही.

विश्रांती घेणाऱ्या पक्ष्यांनी पिसांत खुपसलेली चोच बाहेर काढली, माना ताठ केल्या, किंवा ते आपल्यापासून दूर चालू लागले, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि तेथूनच मागे फिरावे. उडते छायाचित्र हवेच असेल, तर भरती चढताना एका जागी बसून राहावे. पाणी पायांना लागले की थवा स्वतःच उठतो, आणि ते छायाचित्र टाळीच्या छायाचित्रापेक्षा कमी प्रतीचे नसते.

प्रश्न : हजारो पक्ष्यांचा थवा मोजतात कसा? आणि अशा अंदाजी आकड्यांना काही किंमत असते का?

उत्तर : आधी दहा पक्षी एकेक करून मोजावेत, ते दहा दुर्बिणीच्या दृश्यात किती जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवावे, त्यावरून शंभरांचा गट ठरवावा आणि मग त्या गटाने थवा पुढे मोजत जावे. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजून नंतर आकडे ताडले, तर आपली सवय कमी मोजण्याची आहे की जास्त, ते कळते. दाट थव्यात नवखा निरीक्षक बहुधा कमी मोजतो.

अशा आकड्यांना मोठी किंमत आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या १९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली पाणथळ जागेचे आंतरराष्ट्रीय महत्त्व ठरवण्याच्या निकषांपैकी एक निकष २०,००० पाणपक्ष्यांचा आहे, तर दुसरा एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्ष्यांच्या नियमित वास्तव्याचा. त्याच करारातील व्याख्येनुसार ओहोटीला सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले समुद्राचे पाणीही पाणथळ जागेतच मोडते, त्यामुळे बंदराजवळचे उथळ पाणी त्यातून वगळण्याचे कारण नाही. दर वर्षी जानेवारीत जगभर होणाऱ्या पाणपक्षी गणनेत प्रामुख्याने हौशी निरीक्षकांचेच आकडे जमा होतात. शून्य हाही आकडा आहे आणि तो लिहून ठेवावा. बारीक चोचीच्या कोरलाची शेवटची निर्विवाद नोंद फेब्रुवारी १९९५ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील मेर्जा झेर्गा या पाणथळीवर झाली. त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या शोधात तो न सापडल्यामुळेच अखेर २०२५ साली ती जात नामशेष झाल्याचे जाहीर करता आले.

प्रश्न : हिवाळा संपून बाकीचे पक्षी उत्तरेला गेल्यावरही काही कोरल आणि पाणटिवळे चिखलावर दिसतात. ते जखमी असतात का?

उत्तर : क्वचित एखादा असतो, परंतु बहुतेक धडधाकट आणि वयाने लहान असतात. मोठ्या आकाराच्या अनेक किनारपक्ष्यांची पहिली एक-दोन वर्षे वीण होत नाही, आणि वीण नसताना उत्तरेचा प्रवास करण्यात त्यांना लाभ नसतो. म्हणून ते हिवाळी मुक्कामीच थांबतात. पायांत रंगीत कडी किंवा अक्षरे असलेले बिल्ले दिसल्यास रंगांचा क्रम, कोणता पाय आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, हे तारीख आणि जागेसह टिपून पक्षी-कडी योजनेकडे, म्हणजे पक्ष्यांना अशी कडी घालून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, कळवावे. या दिवसांत किनाऱ्यावर निरीक्षक फारसे जात नाहीत, त्यामुळे मे-जूनच्या नोंदी मुळातच थोड्या असतात.