आटपाडी-जत भागातले ज्वारी, बाजरी, हुलग्याचे जुने वाण वाचवायला गावात बीजबँक काढायची आहे. सुरुवात कुठून करू?

काढा. पण बरण्या आणि लेबलं आणायच्या आधी त्या ज्वारीची भाकरी कोण खाणार आणि कडबा कुणाच्या गोठ्यात जाणार, ते ठरवा. मी आटपाडी तालुक्यातलाच. या विषयावरून आमच्या घरात दोन भावांचं बोलणं बंद होतं, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

आमच्याकडं शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, घरचं बी होतं. मालदांडी या नावाजलेल्या ज्वारीच्याच जातकुळीतलं, पण ताट, म्हणजे धांडा, उंच आणि पाऊस लवकर गेला तरी ओलीवर निभावणारं. वडील खुडणीआधी रानाच्या मधल्या भागातली कणसं निवडायचे. बांधाकडची नाहीत, तिथं शेजारच्या ज्वारीचा पराग लागलेला असतो. कणीस खुडायच्या आधी ताट वाकवून बघायचे. बुडात पोकळ लागलं, म्हणजे खडखड्या रोग आहे, मग कणीस कितीही टपोरं असो, बियाण्यात नाही. निवडलेल्या कणसांची जुडी चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगलेली असायची.

टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं आणि दादानं त्या रानात डाळिंब लावलं. पाण्याला मी नावं ठेवणार नाही, टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसानं ती ठेवूही नयेत. माझं म्हणणं एवढंच होतं की चार गुंठे शाळूला राहू देत. दादा म्हणाला, "ज्वारी दुकानात मिळती. तुला काय म्युझियम काढायचंय?" पुढं डाळिंबावर तेल्या रोग आला. सगळ्या शिवारात डाळिंबाचा एकच भगवा वाण, तोही गुटी कलमांचा, म्हणजे एकाच झाडाच्या हजारो नकला. एकाला बाधलं ते सगळ्यांना बाधलं, आणि रोग बऱ्याचदा रोपांबरोबरच आलेला. बाग काढावी लागली. दादा अजून म्हणतो, फवारणी चुकली. फवारणी कसली चुकतीय! अमेरिकेत 1970 साली मक्याचं हेच झालं. बहुतेक संकरित बियाणं एकाच मादी वंशावर बेतलेलं होतं, करप्यानं एका हंगामात देशाचं सुमारे 15 टक्के पीक नेलं. त्यांना काय फवारणी येत नव्हती?

तोवर आमच्या घरातलं बी संपलं होतं. ते सापडलं जतकडं, आत्याच्या घरी. तिला वाण-बिण वाचवायचा नव्हता, म्हशीला उंच कडबा पाहिजे होता आणि नातवंडांना हुरडा. म्हणून ती दरवर्षी पेरत राहिली. कोरेगावचा वाघ्या घेवडा टिकला तोही लोक मागून घेतात म्हणूनच. भौगोलिक मानांकन 2016 मध्ये मिळालं, गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी आधीचं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर ज्वारी, हुलगा, मटकी, घेवडा यांनी सुरुवात करा. ही बहुतांशी आपल्याच परागावर दाणा धरतात, थोड्या जागेत वाण टिकतो. बाजरीला सुरुवातीला हात घालू नका. तिचा पराग वाऱ्यावर फिरतो, शेजारी संकरित बाजरी असली तर दोन-तीन हंगामांत तुमचा वाण ओळखू येणार नाही. बाजरी करायचीच तर आजूबाजूच्यांना विश्वासात घ्या आणि बियाण्याला पाच-दहा कणसं नकोत, भरपूर झाडांची घ्या. बी कडकडीत वाळवा आणि एकाच घरात ठेवू नका. थोडं दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीकडंही द्या, तिथं उणे 18 अंशांत वर्षानुवर्षं राहतं. मात्र फ्रीजमधल्या बियाण्यानं मधला एकही दुष्काळ पाहिलेला नसतो, म्हणून पेरणी सुटता कामा नये. घरचं बी द्यायला-घ्यायला कायद्याची भीती बाळगू नका. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला ते राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे. फक्त त्या कायद्याखाली संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

आणि हो, जुनं ते सगळं सोनं असलं काही मी म्हणत नाही. आमचा शाळू उतारा कमी देतो, वाऱ्यात लोळतो. मालदांडी 35-1 तरी काय, मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतूनच निवडून काढलेली. निवडायला आधी ढीगभर वाण शिवारात होते, म्हणून ती निघाली. डाळिंब उपटा असंही माझं म्हणणं नाही, नाहीतर दादा हेच वाक्य धरून बसेल.

त्याला अजून मी बी दिलेलं नाही. मागितलं तर पायलीभर देईन, पण मागायला पाहिजे.