इंग्लिश विनोदी चित्रपटांचा असा कोणता दिग्दर्शक आहे, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही?

चार्ल्स क्रायटन. मी स्वतः लग्नकार्याच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो आणि हा माणूसही मुळात एडिटर, म्हणून मला तो फार जवळचा.

जन्म १९१० चा, लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे असलेल्या वॉलसीचा. ऑक्सफर्डला इतिहास शिकला आणि लंडन फिल्म्सच्या एडिटिंग रूममध्ये शिरला. आपल्या म्हैसूरच्या साबू या बालनटाला जगापुढे आणणारा 'एलिफंट बॉय' (१९३७) त्यानेच एडिट केला. पुढे ईलिंग स्टुडिओत दिग्दर्शक झाला. 'ह्यू अँड क्राय' (१९४७) मध्ये पोरंटोरं चोरांचा माग काढत लंडनभर हुंदडतात. त्यातले बाँबहल्ल्यांत पडलेल्या इमारतींचे ढिगारे खरेखुरे आहेत.

पण त्याचा हात ओळखायचा तर 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) बघा. बँकेच्या सोन्यावर वर्षानुवर्षं पहारा देणारा भिडस्त कारकून (ॲलेक गिनेस) तेच सोनं पळवतो आणि वितळवून आयफेल टॉवरचे पेपरवेट ओततो. त्यातले सहा चुकून शाळकरी मुलींना विकले जातात. मुली लिफ्टने खाली निघाल्यावर हा आणि त्याचा जोडीदार खऱ्या टॉवरच्या गोल जिन्यावरून धावत सुटतात. उतरता उतरता दोघांना गरगरायला लागतं, हसू आवरेनासं होतं, आणि बघता बघता आपलंही डोकं फिरतं. संवाद जवळपास नाहीतच! ही सगळी करामत कॅमेऱ्याची आणि कटांची, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा जोडण्याची. असं पडद्यावर आणायला एडिटरचीच नजर लागते.

१९६५ नंतर मात्र चित्रपट थांबले. टीव्ही मालिका केल्या, इंग्लिश विनोदी नट जॉन क्लीझच्या कंपनीसाठी प्रशिक्षणपट केले. वीस-बावीस वर्षं अशी गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. मग त्याने आणि क्लीझने मिळून 'अ फिश कॉल्ड वाँडा'ची (१९८८) कथा रचली. स्टुडिओला त्याच्या वयाची धास्ती होती, म्हणून क्लीझ सहदिग्दर्शक म्हणून पाठीशी उभा राहिला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी क्रायटनला दिग्दर्शन आणि पटकथा अशी दोन ऑस्कर नामांकनं मिळाली. १९९९ मध्ये तो गेला.

तुम्ही सुरुवात 'लॅव्हेंडर हिल'पासूनच करा. जिन्याचा प्रसंग संपला की मागे जाऊन एकदा आवाज बंद करून बघा, आणि कट कुठे कुठे पडतोय तेवढंच पाहत राहा.