नैसर्गिक रंगांच्या चादरी आणि टॉवेल खरोखर पर्यावरणपूरक असतात का?

घरातल्या चादरी-टॉवेल रासायनिक रंगांऐवजी नैसर्गिक रंगांत रंगवलेले घेतले तर पर्यावरणाची हानी खरोखर कमी होते का, आणि कारखान्यांना हा बदल परवडेल का, असे आपण विचारले आहे. माझा सोलापुरातील सूतरंगाईशी बऱ्याच वर्षांचा संबंध असल्यामुळे त्याच अंगाने उत्तर देतो. रंग झाडाचा आहे की प्रयोगशाळेतला, याआधी एक किलो सूत रंगवताना पाणी, मीठ आणि वाफ किती लागली हे पाहावे, असे माझे मत आहे.

सुती धाग्यासाठी आज मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, वापरतात. रंग धाग्यावर चढावा म्हणून पाण्यात मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतात आणि तो पक्का व्हावा म्हणून सोडा ॲश (धुण्याचा सोडा). गडद छटेसाठी लिटरमागे 60 ग्रॅम मीठ धरले आणि 100 किलो सूत लडीच्या पद्धतीने वीसपट पाण्यात रंगवले, तर 2,000 लिटर पाणी आणि 120 किलो मीठ लागते. तेच सूत कोनवर गुंडाळून बंद यंत्रात आठपट पाण्यात रंगवले, तर 800 लिटर आणि 48 किलोत काम होते. नंतरच्या धुण्यांचे पाणी यात धरलेलेच नाही. सांडपाण्यातला रंग प्रक्रियेने बराचसा काढता येतो, मीठ मात्र विरघळलेलेच राहते आणि ते वेगळे करायला आरओ (दाबाने पडद्यातून पाणी गाळणे) व बाष्पीभवन यांखेरीज फारसा मार्ग नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये नोय्यल नदी याच सांडपाण्याने बिघडली आणि शेवटी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य निचऱ्याची (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची) अट न पाळणारे रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. ज्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हा हिशेब अधिकच बोचतो.

नैसर्गिक रंगांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्याविषयी थोडे भाबडेपण पसरले आहे. सुती धाग्यावर हे रंग बहुधा आपोआप टिकत नाहीत. त्यासाठी आधी हिरड्यासारखे तुरट द्रव्य आणि तुरटी किंवा लोखंडाचे क्षार द्यावे लागतात. तुरटीपर्यंत ठीक आहे. मोरचूद (तांब्याचा क्षार) किंवा क्रोमियमचे क्षार वापरले, तर ‘नैसर्गिक’ कापडाचे सांडपाणीही विषारीच. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाची साल मुबलक मिळते आणि तिच्यापासून पिवळसर व लोखंडाबरोबर राखाडी छटा चांगल्या येतात, त्यामुळे मर्यादित उत्पादनासाठी तो उत्तम पर्याय आहे. यंत्रमागावरच्या रोजच्या मालाला लागणारी एकसारखी छटा आणि गडद लाल-निळ्याची मागणी मात्र त्यातून भागवणे कठीण.

कारखान्याला परवडणारे पर्याय दिसायला साधे आहेत: कमी पाण्याची यंत्रे, धाग्याशी दोन ठिकाणी बंध जोडू शकणारे आणि म्हणून अधिक प्रमाणात चिकटणारे रिॲक्टिव्ह रंग, आणि ब्लीचिंगनंतर उरलेले पेरॉक्साइड काढण्यासाठी पुन्हा पुन्हा धुण्याऐवजी कॅटालेज हे विकर (एन्झाइम). वाफ थंड होऊन झालेले पाणी बॉयलरला परत देणे आणि वाफेच्या नळ्यांना आवरण घालणे यांतही इंधन वाचते, पण जाहिरातीत त्यांचा उल्लेख कोणी करत नाही!

ग्राहक म्हणून आपण फिकट छटा निवडावी; तिला रंगही कमी लागतो आणि मीठही. चादरीत तर न रंगवलेले कोरे सूतही चालते. टॉवेलला ते जमत नाही, कारण कापसावरचे नैसर्गिक मेण उकळून काढल्याशिवाय तो पाणीच शोषत नाही. तिथे शुभ्र पांढऱ्याचा हट्ट सोडून मळकट पांढरा घेतला, तरी ब्लीचिंगचा भार हलका होतो.